जमिनीवरचा फासा

शनिवारी दुपारी बाराच्या ठोक्याला टोर्ग्नी थर्मासमधली कॉफी चार कपांत ओतायचा, वेलची घातलेले पाव मांडायचा आणि मगच फासे बाहेर काढायचा. आधी पोट, मग पराक्रम. नवख्या माणसाला उपाशीपोटी खेळातल्या राक्षसासमोर उभं केलं की तो बावचळतो, हे तो मागच्या वर्षी शिकला होता.

मागच्या वर्षी तो सगळंच फार महागात शिकला होता. चार नवखे आले होते. टोर्ग्नीने नियमाला धरून खेळ चालवला. एकाचा तिरंदाज पहिल्या अर्ध्या तासात खड्ड्यात पडून मेला, दुसरीची जादूगारीण लांडग्यांनी खाल्ली. तिसऱ्या शनिवारी टोर्ग्नी एकटाच टेबलाशी बसून आठ पाव संपवत होता.

हुडिक्सवालच्या खाडीकाठी लाल लाकडी गोदामं आहेत. त्यांच्या मागच्या गल्लीत, बंद पडलेल्या शिलाई-यंत्रांच्या दुकानावर ही खोली. एक खिडकी, खिडकीत पाणी आणि समुद्रपक्षी. राखाडी रंग दिलेली लाकडी जमीन. मधोमध एक भलंमोठं ओकचं टेबल, चारही बाजूंनी गुडघ्यापर्यंत फळ्या उतरलेलं. ते दारातून बाहेर जात नाही. मग आत कसं आलं, हे कुणालाच माहीत नव्हतं. टोर्ग्नीने दार आणि टेबल दोन्ही मोजून पाहिली होती. पस्तीस वर्षं त्याने जमीन-मोजणी खात्यात काढली होती. चार बोटांचाही फरक त्याला स्वस्थ बसू देत नसे.

या खोलीत तो एकतीस वर्षं दर शनिवारी खेळला होता. त्याने संसार केला नव्हता, शनिवार केला होता. पूर्वी बिरगेर सूत्रधार असायचा. म्हणजे गोष्ट सांगायची, राक्षस उभे करायचे आणि प्रत्येकाला विचारायचं, ‘तू काय करतोस?’ बाकीच्यांनी आपापलं पात्र होऊन उत्तर द्यायचं आणि जमतंय की नाही ते फासा ठरवणार. दोन वर्षांपूर्वी बिरगेर वारला. बाकीचे कुणी स्टॉकहोमला गेले, कुणी नातवंडांत रमले. उरला टोर्ग्नी. तो सूत्रधार झाला तो केवळ दुसरं कुणी नव्हतं म्हणून.

खोली होती अभ्यासमंडळं चालवणाऱ्या एका संस्थेची, आणि यंदा संस्थेने स्पष्ट लिहून कळवलं होतं. सप्टेंबर ते नोव्हेंबर दहा बैठका, प्रत्येक बैठकीला हजेरीपटावर सूत्रधाराची सोडून निदान तीन सह्या. एका जरी आठवड्याला दोनच दिसल्या, तर जानेवारीपासून खोली चिंध्यांचे गालिचे विणणाऱ्या बायकांना. पत्र वाचून टोर्ग्नी दोन रात्री नीट झोपला नाही.

यंदा आले बरोबर तिघंच.

मायकेनबाई बहात्तर वर्षांच्या. चव्वेचाळीस वर्षं टपाल वाटलेलं. तोंड सतत चालू. युस्रा मूळची दूरच्या होम्स शहरातली, औषधाच्या दुकानात गिऱ्हाइकांचे नंबर पुकारायची. आणि सिक्स्टेन, होड्या बांधणारा सुतार. बायको गेल्यापासून तो कुणाशी बोलत नव्हता, म्हणून मुलीने परस्पर त्याचं नाव नोंदवलं होतं.

टोर्ग्नीने प्रत्येकाच्या हातात एकेक कागद दिला. “हे तुमच्या पात्राचं पान. वर नाव, व्यवसाय. मग बळ, शहाणपण. इथे ‘जीव’. मार बसला की आकडा खोडायचा, कमी करून लिहायचा. शून्य झाला की पात्र मेलं.”

“आणि हे खाली काय?” मायकेनबाईंनी चष्मा सारखा केला. “‘तुला काय हवंय?’ असं छापलंय.”

“ते सगळ्यात महत्त्वाचं. पात्राला काय हवंय ते एका ओळीत लिहा. मग ते काय करेल, हे आपोआप सुचत जातं.”

मायकेनबाईंनी चोरटी निवडली आणि खाली लिहिलं, ‘एकदा तरी दुसऱ्याचं पत्र फोडून वाचायचंय.’ युस्राने कुऱ्हाडवाली लढवय्यी घेतली. तिने लिहिलं, ‘कुणालाही पुढचा नंबर म्हणायचं नाही.’ सिक्स्टेनने म्हातारा जादूगार घेतला आणि बराच वेळ पेन्सिल चावून लिहिलं, ‘बघू.’

भिंतीवर बिरगेरच्या हातची पाटी होती. ‘जमिनीवर पडलेला फासा धरायचा नाही. पाळी गेली.’ खाली पडलेल्या फाशाचा आकडा न मोजण्याचा हा नियम जगातल्या पुष्कळ टेबलांवर या ना त्या रूपात असतो. पण बिरगेरने खाली आणखी एक ओळ लिहिली होती. ‘बघायचाही नाही.’ पाटीशेजारी खिळ्याला टोकाशी वाकलेली काठी टांगलेली असायची. फासा टेबलाखाली गेला की बिरगेर न वाकता काठीने तो ओढायचा, आकडा दिसायच्या आत बुटाखाली दाबायचा आणि मगच उचलायचा. एकतीस वर्षांत त्या टेबलाखाली कुणी हात घातला नव्हता. बिरगेरचं खूळ, असं म्हणून सगळे हसायचे आणि पाळायचे.

दुसऱ्या बैठकीत युस्राच्या लढवय्यीला लांडग्यांनी घेरलं. ‘जीव’ दोनवर आला होता. तिने जीव तोडून फासा फेकला, आणि तो टेबलाच्या कडेवरून टुणकन खाली.

“अगं बाई, गेला!” मायकेनबाई ओरडल्या.

टोर्ग्नीचा हात सवयीने काठीकडे गेला. पाळी गेली म्हणजे लढवय्यी मेली, आणि युस्रा पुढच्या शनिवारी कशाला येतेय? त्याला मागच्या वर्षीचे आठ पाव आठवले.

“असू दे,” तो म्हणाला. “नवीन आहात. खाली पडला तरी धरू. कितीवर आहे?”

सिक्स्टेनने वाकून फळीखाली डोकं घातलं. “वीस.”

वीस बाजूंच्या फाशाला त्याहून मोठा आकडा नसतो. युस्राने खुर्चीवर उभं राहून हवेत कुऱ्हाड फिरवली. मायकेनबाईंनी टाळ्या पिटल्या. सिक्स्टेन चक्क हसला. घरी जाताना टोर्ग्नी पुलावर थांबून उगीचच पाण्याकडे बघत राहिला. फार दिवसांनी त्याला इतकं बरं वाटलं होतं.

त्यानंतर फासे वारंवार पडू लागले. टेबल होतं तेवढंच होतं, माणसंही तीच, तरी एका दुपारी चार-पाचदा ‘गेला, गेला’ व्हायचं. आणि खाली गेलेला फासा कधी वाईट पडला नाही. टोर्ग्नी वहीत तारीख, नाव आणि आकडा लिहू लागला.

चौथ्या बैठकीत मायकेनबाईंच्या चोरटीला पहारेकऱ्यासमोर दारू प्यायल्याचं सोंग करून धडपडायचं होतं. तिथे आकडा लहान हवा होता. फासा खाली पडला. “एक,” सिक्स्टेन टेबलाखालून म्हणाला.

“याला म्हणतात नशीब!” मायकेनबाई म्हणाल्या.

टोर्ग्नीने लिहून घेतलं, पण पेन्सिल क्षणभर थबकली. मोठाच आकडा येत असता तर फासा सदोष म्हणता आलं असतं. इथे लागेल तो येत होता.

सोमवारी तो एकटाच खोलीवर गेला. त्याने फासे मिठाच्या पाण्यात तरंगवून पाहिले, एकही कलता नव्हता. जमिनीवर पातळी-नळी ठेवली. बुडबुडा अगदी मधोमध. मग त्याने शंभर वेळा फासा टेबलाखाली टाकला आणि काठीने ओढून आकडे लिहिले. सगळं यायला हवं तसंच आलं. वहीत त्याने नोंद केली, ‘सोमवार. काहीही विशेष नाही.’ जिना उतरताना त्याच्या मनात आलं, आज इथे कुणाला काही हवं नव्हतं.

हा विचार त्याने तिथेच सोडला. मंडळी खूश होती. युस्रा दुकानातल्या दोघी मैत्रिणींना लढवय्यीच्या गोष्टी सांगत होती. सिक्स्टेनने जादूगारासाठी घरी एक चिमुकली काठी कोरून आणली होती आणि आता तो एका बैठकीत दहा-बारा वाक्यं बोलायचा. पाच आठवडे, पंधरा सह्या. एवढं असताना बुडबुड्याकडे कोण बघतो!

सहाव्या बैठकीत युस्राचा फासा पडला, पण पडल्याचा आवाज आला नाही.

सगळे थांबले. लाकडी जमिनीवर फासा पडला की खडखडतो. त्यांना आता त्या आवाजाची सवय झाली होती. सिक्स्टेन वाकला. नेहमीपेक्षा जास्त वेळ वाकलेलाच राहिला. मग तो सरळ झाला आणि मूठ टेबलावर उघडली.

“एकोणीस,” तो म्हणाला. “मी उचलला नाही.”

“म्हणजे?”

“हात पुढे केला. हातात आला.”

खिडकीबाहेर एक पक्षी कर्कश ओरडला.

“तुझे हातच तेवढे लांब आहेत रे,” मायकेनबाई म्हणाल्या आणि पावाचा तुकडा मोडला. मग त्यांचे डोळे चमकले. “एक सांगू? आपल्यात चौथा आहे. आपला खालचा! इतके दिवस बिचारा फुकट राबतोय. टोर्ग्नी, दे बघू एक कोरं पान.”

“मायकेनबाई, अहो…”

“दे रे! टपालात मी कुत्र्यांनासुद्धा नाताळचं कार्ड द्यायचे.”

त्यांनी कोरं पान आणि एक पेन्सिल टेबलाखाली सरकवली. “घ्या महाराज. सावकाश भरा. घाई नाही.”

“मावशी, तुम्ही म्हणजे कमाल आहात,” युस्रा हसली, पण पाय तिने खुर्चीवर वर घेतले.

दर शनिवारी शेवटी सिक्स्टेन ते पान काढून दाखवायचा आणि परत ठेवायचा. पान कोरंच असायचं. पेन्सिलचं टोक मात्र दर आठवड्याला थोडं झिजलेलं दिसे, आणि पानावर खोडरबराचा भुगा असे. मायकेनबाईंना वाटायचं टोर्ग्नी गंमत करतोय. टोर्ग्नीला वाटायचं मायकेनबाई करताहेत. दोघंही एकमेकांची गंमत मोडायची नाही म्हणून गप्प राहिले. सातवी, आठवी, नववी बैठक झाली. टोर्ग्नीच्या आठवणीत इतका सुखाचा शरद ऋतू कधी आला नव्हता. अधूनमधून तो समोरच्या रिकाम्या खुर्चीकडे बघायचा. त्या बाजूला बसून पुन्हा एकदा नुसतं खेळायला मिळावं, दुसऱ्या कुणीतरी गोष्ट सांगावी, एवढीच काय ती त्याची हुरहूर होती.

दहाव्या शनिवारी बर्फ पडत होतं. गल्लीतल्या खिडक्यांत नाताळाआधीचे कागदी तारे लागले होते. मायकेनबाईंनी केशराचे पाव आणले होते. पावणेबाराला टोर्ग्नीचा फोन वाजला.

“सिक्स्टेन बोलतोय. मी सुंड्सवालच्या गाडीत आहे. मुलीला कळा सुरू झाल्यात. मला आजोबा म्हणणारं येतंय, टोर्ग्नी! तुम्ही खेळा, आणि माझ्या म्हाताऱ्याला सांभाळा.”

एका दमात इतकं तो कधी बोलला नव्हता. टोर्ग्नीने मनापासून अभिनंदन केलं, फोन ठेवला, आणि हजेरीपटाकडे बघत खाली बसला.

“दोनच सह्या,” तो म्हणाला. “झालं. खोली गेली.”

“काही गेलीबिली नाही,” मायकेनबाई पेन शोधू लागल्या. “मी आयुष्यभर लोकांच्या सह्या घेतल्यात. सिक्स्टेनची अशी मारते की त्याची मुलगीसुद्धा फसेल.”

“नाही.”

“अरे, एक सही!”

“नाही, मायकेनबाई. खोटी रेघ मी कधी ओढली नाही. आता शेवटी शेवटी नको.”

युस्राने हळूच विचारलं, “मग आज खेळायचं नाही?”

“खेळायचं तर! गोष्ट पुरी करूनच उठायचं.” टोर्ग्नीने फाशांची पिशवी उघडली.

ते खेळले, आणि फार छान खेळले. मायकेनबाईंच्या चोरटीला राजाचं मोहोरबंद पत्र सापडलं. तिने ते सावकाश, चवीने फोडून वाचलं. मग गोष्टीतलं शेवटचं ठिकाण आलं, डोंगरातला दरवाजा. त्याचा अडसर उचलायला तीन जणांचे हात लागतात, असं टोर्ग्नीने सप्टेंबरमध्येच लिहून ठेवलं होतं. सिक्स्टेनचा जादूगार त्याच्याविना चालवायचा नाही, यावर दोघींचं एकमत होतं.

“खालचा आहे की,” मायकेनबाई म्हणाल्या. “त्याला विचार.”

टोर्ग्नी हसला. मग सूत्रधाराने विचारायचं असतं तसं, नवख्याला विचारायचं असतं तितक्याच प्रेमाने, त्याने विचारलं.

“खालच्या, तू काय करतोस?”

बर्फ खिडकीच्या काचेवर निःशब्द आपटत होतं.

टेबलाखाली फासा खडखडला.

युस्राने टेबलावरचे फासे मोजले. सातच्या सात जागेवर होते. तिने मायकेनबाईंचा हात घट्ट धरला. खालचा फासा गोल गोल फिरत राहिला, फार वेळ, आणि थांबला.

पाटी समोरच होती. टोर्ग्नीने एकदा पाटीकडे पाहिलं. आठ आठवडे त्याने दर वेळी जे म्हटलं होतं, तेच तो म्हणाला.

“धरला. अडसर उचलला गेला. दरवाजा उघडतोय.”

किती आकडा आला, हे कुणी वाकून पाहिलं नाही. दरवाज्यापलीकडे ऊन होतं, असं टोर्ग्नीने सांगितलं, आणि त्या दोघी रडता रडता हसल्या.

निघताना मायकेनबाईंनी सही केली, युस्राने केली. मग मायकेनबाईंनी हजेरीपटाचा कागद टेबलाखाली सरकवला. “खेळला ना तो? मग त्याचीही घे. म्हातारीची एवढी गंमत चालवून घे.” सिक्स्टेनच्या नावापुढची जागा रिकामी होती. टोर्ग्नीने ती स्वतःच्या डोळ्यांनी पाहिली होती.

पावणेतीनच्या बसने दोघी गेल्या. टोर्ग्नीने कप धुतले, फासे पिशवीत भरले. एकदाच, शेवटचं, सगळं नीट आवरायचं होतं. मग कागद घ्यायला तो गुडघ्यांवर बसला आणि आयुष्यात पहिल्यांदा त्याने त्या टेबलाखाली हात घातला.

कागद त्याच्या हातात देण्यात आले. दोन.

वर हजेरीपट होता. सिक्स्टेनच्या नावापुढे सिक्स्टेनची सही होती, तीच सुतारी, आखडती अक्षरं. टोर्ग्नी उठला आणि बराच वेळ ती बघत राहिला. मायकेनबाईच, दुसरं कोण! त्याने मनाची अशी समजूत घातली, कागदाची घडी केली, लिफाफ्यात घातली आणि लिफाफा चिकटवला. खोली राहिली. शनिवार राहिले. एखाद्या पोराचा उनाडपणा माफ व्हावा, तसा आनंद त्याच्या छातीत दाटून आला.

मग त्याने दुसरा कागद उलटून पाहिला.

पात्राचं पान होतं, आता भरलेलं.

नाव, टोर्ग्नी. व्यवसाय, मोजणीदार. बळ नऊ. शहाणपण चौदा. चौदा बघून त्याला क्षणभर बरंही वाटलं. ‘तुला काय हवंय?’ याखाली एकच शब्द होता, ‘शनिवार’.

‘जीव’ या रकान्यात कागद खोडून खोडून झिरझिरीत झाला होता. एकाखाली एक, उतरत गेलेल्या आकड्यांचे वळ दिसत होते. शेवटचा आकडा ताजा होता. तीन.

खोडलेले आकडे त्याने मोजले नाहीत. खाली पडलेले जितके फासे त्याने धरले होते तितकेच ते असणार, आणि ते त्याच्या वहीत होतं.

टेबलाखाली फासा खडखडला.

सवयीने त्याचा हात भिंतीकडे, काठीकडे गेला. खिळा रिकामा होता.

फासा थांबला. काठीचं वाकडं टोक फळीखालून हळूच बाहेर आलं, फासा त्याच्या बुटापर्यंत सरकवून परत आत गेलं. आता गोष्ट खालचा सांगणार होता, पाळी टोर्ग्नीची होती.

टोर्ग्नीने पाटीवरची दुसरी ओळ वाचली, ‘बघायचाही नाही.’ मग त्याने खाली पाहिलं.